काचेतला थापा

बोर्डीला आमच्या चिकूच्या वाडीत आजेसासऱ्यांच्या वेळचा कौलारू बंगला आहे. २०१७ साली माझ्या नवऱ्याने, जतीनने, त्याला लागूनच काचेचं नवं घर बांधलं. हौस, दुसरं काय! घरभरणीला दाराशेजारच्या भिंतीवर हळदीचे थापे उमटवायची आमच्यात रीत आहे; घरात जितकी माणसं, तितके थापे. इथं भिंतच नव्हती. म्हणून सासूबाई, जतीन आणि मी, तिघांनी काचेवरच हात उमटवले.

सकाळी तिथं चौथा थापा होता.

"गड्यांपैकी कुणीतरी मस्करी केली असेल," जतीन म्हणाला. मी ओल्या फडक्याने तो बाहेरून पुसला. गेला नाही. आतून पुसला. तरी तसाच.

काच दुहेरी होती, कारखान्यातूनच चारी कडांनी बंद होऊन आलेली. थापा त्या दोन काचांच्या मधे होता. आमच्या तिघांच्या थाप्यांची हळद वाळून गळायला लागली होती. त्याची अजून ओली होती, ओघळत होती.

सासूबाई जुन्या बंगल्याच्या दाराशी जाऊन आल्या. "तिकडचे सगळे थापे जागच्या जागी आहेत," त्या म्हणाल्या. "हा आपल्यातला नाही."

जतीनने चिडून काचेवर हात आपटला. "आजच काढून टाकतो ही."

त्याच्या तळव्यासमोर, दोन काचांच्या मधे, हळूहळू दुसरा हात उमटला. डावा.

मी जतीनला मनगट धरून मागे ओढलं.

"काच राहू दे," मी म्हणाले. "काच आहे म्हणून ते तिथं अडलंय."