घुबडाचा सातवा डबा

"हात बाहेर काढा," ती म्हणाली. "सावकाश. आणि हातात काय आहे ते दाखवा."

झाडाच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घातलेला म्हातारा दचकून वळला. डोक्यावर कानटोपी, मिशीवर बर्फाची भुरभुर, हातात छोटासा प्लास्टिकचा डबा आणि दातांत धरलेली कोरी वही.

चौथा रविवार होता. तीन रविवार ती जंगलातल्या या पायवाटेवर दिवसभर उभी राहून रिकाम्या हातानं परत गेली होती. बुटांच्या आत बोटं बधिर झाली होती. पण आज सापडला होता.

"घुबड तुम्हीच ना?"

म्हाताऱ्यानं दातांतली वही काढली. "काय?"

"भोळेपणाचा आव आणू नका. या वाटेवर घुबडाचे अकरा डबे आहेत. होते. सातवा आता नाही."

खेळ तसा साधा. कुणीतरी रानात डबा लपवायचा, जागेचे आकडे मोबाइलवर टाकायचे. बाकीच्यांनी ते आकडे धरून शोधत यायचं, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे ठेवून निघायचं. खरं नाव कुणी लावत नाही, सगळी टोपणनावं. मोठी मोठी माणसं खजिना सापडल्यासारखी नाचतात. हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या तिला हा आनंद चांगला ठाऊक होता, कारण तो मनगट मोडून तिच्याकडेच यायचा. यंदा बर्फ पडायला लागल्यावर दोन आठवड्यांत तिघं आले. तिघंही सातव्या डब्याचे. घुबडानं तो दरीच्या कडेला, तिरक्या खडकाखाली ठेवला होता.

आणि मग तिचा मुलगा. तो प्लास्टर रूमपर्यंत पोचलाच नाही.

सव्वीस वर्षांचा. लिफ्ट दुरुस्त करायचा. विसाव्या मजल्यावर लोंबकळून काम करताना ज्याचा तोल कधी गेला नाही, तो एका डब्यापायी खडकावरून घसरला. पोलिसांनी त्याची पिशवी आणून दिली, त्यात फुटलेला मोबाइल होता आणि तो डबा होता. तिनं डबा स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवून टाचेनं चेचला होता. चेचून झाल्यावरही चेचत राहिली होती.

दुसऱ्याच दिवशी मोबाइलवरून सातव्या डब्याची नोंद गायब झाली. पुरावा पुसला, तिनं ओळखलं. बाकीचे दहा डबे मात्र बिनदिक्कत चालू. भिजलेल्या वह्या बदलल्या जात होत्या, झाकणं नवी लागत होती. म्हणजे घुबड मजेत होतं.

"तीन माणसांची हाडं मोडली," तिचा आवाज चढत गेला. "डबा हलवा, डबा हलवा म्हणून कानीकपाळी ओरडून सांगितलं. ऐकलंत? तुमचं काय जातंय! तुम्ही घरात पाय शेकत बसणार, आणि मरायला दुसऱ्याचं पोर!"

"अहो बाई, जरा ऐकून..."

"माझा मुलगा होता तो!" तिनं दोन्ही हातांनी म्हाताऱ्याच्या छातीवर ढकललं. तो बुंध्यावर आदळला. वरच्या फांदीवरचा बर्फ भस्सकन दोघांच्या अंगावर आला.

म्हाताऱ्यानं तो झटकलासुद्धा नाही. हळूच कानटोपी काढून हातात धरली.

"तुम्ही त्याची आई? प्लास्टरवाल्या? आई ओरडली की हाडं घाबरून आपोआप जुळतात, म्हणायचा."

ते वाक्य तिच्या घरातलं होतं. परक्याच्या तोंडी ऐकून ती आणखीच पेटली. "ओळखत होतात त्याला? ओळखत असूनही तुम्ही..."

"मी घुबड नाही. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे मी. त्याचे डबे ओस पडू नयेत म्हणून वह्या बदलतो, एवढंच. सातव्याची नोंदही मीच बंद केली." त्यानं वही खिशात सारली. "बाई, घुबड म्हणजे तुमचा मुलगा."

"खोटं आहे हे."

"डबा त्याच्या पिशवीत मिळाला, पोलिसांनी सांगितलं मला. शोधायला आलेला माणूस डबा पिशवीत घालून नेत नाही. तो डबा काढायला गेला होता."

बर्फ आता तिरपा पडत होता, आणि खालून, दरीकडून, वारा वर येत होता.

"त्या बर्फात?" तिनं विचारलं. "थोडे दिवस थांबला असता तर?"

"मी हेच म्हटलं. बर्फ वितळू दे, तोवर सगळ्यांना सावध करू. ठरलंही होतं तसं." म्हाताऱ्यानं दरीकडे पाहिलं. "पण कुणीतरी हात धुऊन त्याच्या मागे लागलं होतं. नाव नाही, गाव नाही, नुसते निरोप. दोनदा त्यानं मनावर घेतलं नाही. तिसरा आला आणि तो पार हलला. तो निरोप मला पाठवून विचारलं, काका, काय करू? सकाळी मी फोन लावेपर्यंत पोरगा घरून निघालाही होता. तो निरोप पाठवणारा एकदा माझ्या तावडीत सापडू दे, मग बघतो."

त्यानं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"मी कुणाला दाखवला नाही अजून. ऐका. 'उद्या दुपारच्या आत तो डबा तिथून हलला पाहिजे. बर्फाची सबब सांगू नका. ठेवायला जाताना पाय चालले, तर काढायला जातानाही चालतील...'"

म्हातारा अडखळला. त्यानं मोबाइल घाईनं कोटात घातला.

"पुढचं तुमच्यासमोर वाचवत नाही, बाई."

ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"'तुमच्यासारख्याला जन्म दिला,'" ती म्हणाली, "'त्या आईला लाज वाटायला हवी.'"