कशामुळे

डॉक्टर बिलापांडोबाईंनी वही उघडली आणि पहिल्याच पानावर थांबल्या.

"अक्षर सुरेख आहे. कुणाचं?"

"माझं," लेओनिला म्हणाली. "यांचा हात कापतो ना."

मकारियो खुर्चीत ताठ बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. लिपा गावात चाळीस वर्षं कॉफीच्या बियांचा व्यापार केलेला माणूस. चारचौघांत कसं बसावं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याच्या मागे मुलगी देलिया उभी होती. मनिलाहून पहिली बस पकडून ती तातयसाठी, म्हणजे वडिलांसाठी, आली होती.

त्याचं काळीज अधूनमधून अडखळायचं. चार ठोके पळत सुटायचे, पाचवा पडायचाच नाही, आणि अंगाला दरदरून घाम फुटायचा. गोळ्या चालू होत्या. पण हे नेमकं कशानं उठतं ते कळायला हवं, म्हणून बाईंनी महिनाभर वही लिहायला सांगितली होती. पानावर तीन रकाने: वेळ, काय झालं, कशामुळे.

बाई मोठ्यानं वाचू लागल्या. तिसऱ्याच रकान्याकडे त्यांचं लक्ष होतं. "मंगळवार, दुपारी दोन. माशात मीठ जास्त, बोललो तर बायको फुरंगटली. गुरुवार, अडीच. बायकोनं भांडी आपटली. शनिवार, दोन. बायको उलट बोलली." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुम्हीच लिहिलंत?"

"हे सांगतील तसं."

तो खाटेवर पडून सांगायचा, ती कडेला बसून लिहायची. घरातल्या व्हिनेगरच्या बाटलीत व्हिनेगर नव्हतं, नारळाची दारू होती. दुपारी जेवणाआधी त्याचे तीन पेले. हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यात एकदा तिनं शेवटच्या रकान्यात ते खरं खरं लिहिलं होतं. त्यानं पान टरकावलं, त्याचा बोळा केला आणि तिच्या ओठांशी धरला. "खा," म्हणाला. तिनं खाल्लं.

"कॉफी घेता?" बाईंनी विचारलं.

"सोडली."

"दारू?"

"सहा महिन्यांत थेंब नाही. हिलाच विचारा की." मकारियो हसला आणि बायकोकडे वळला. "सांग ना गं. घाबरतेस कशाला?"

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे लागल्या. लेओनिला खाली मान घालून बसणाऱ्यांपैकी नव्हती, पण एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिची मान आपसूकच खाली जाऊ लागली होती.

"इथलं एक पान फाटलंय," बाई म्हणाल्या.

"त्या पानावर मी लिहिलं होतं," लेओनिला बोलून गेली. बोलली तशी तिला स्वतःचीच भीती वाटली, पण आता थांबणं शक्य नव्हतं. "डॉक्टर, रोज दुपारी जेवणाआधी हे…"

मकारियोनं छाती धरली.

ते नाटक नव्हतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला, कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. बाईंनी झटकन त्याचं मनगट पकडलं.

"चुकतोय खरा," त्या म्हणाल्या. "तीन पडतात, चौथा गायब."

"इनाय!" देलिया आईवर ओरडली. "निदान इथं तरी गप्प बस गं!"

"लेओनिलाबाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" बाई म्हणाल्या. आवाज सौम्य होता, पण नजर वर आली नाही.

ती बाहेर बाकावर बसली. दार बंद झालं. आत बाईंनी मकारियोच्या छातीला तारा लावून त्याच्या ठोक्यांची रेघ कागदावर काढली. पंधरा मिनिटांत ती रेघ आपोआप वळणावर आली. बायको खोलीत नव्हती आणि ठोके नीट पडत होते. आतल्या तिघांनाही आणखी पुरावा नको होता.

देलिया बाहेर आली ती ठरवूनच. "काही दिवस तू माझ्याकडे चल. शेजारच्या बेलेनमावशी तातयांना डबा देतील."

"आणि दुपारचं त्यांच्याकडे कोण बघेल?"

"तेच तर. कुणी बघितलं नाही, तरच ते बरे राहतील."

लेओनिलानं मुलीचा हात धरला. "घरी जाशील तेव्हा व्हिनेगरची बाटली उघड. नुसता वास घे. एवढं कर माझ्यासाठी."

देलियानं हात सोडवून घेतला. आता तिच्या डोळ्यांत राग नव्हता. दया होती, आणि तीच लेओनिलाला जास्त लागली.

"आजारी माणसावर कसला सूड उगवतेस, इनाय?"

त्याच संध्याकाळी लेओनिला एक पेटी घेऊन मनिलाला गेली. निघताना मकारियो पायरीपर्यंत आला, शेजारीपाजारी बघत असताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "तब्येतीला जप हो." बायाबापड्यांचे डोळे भरून आले.

तिसऱ्या आठवड्यात देलिया लिपाला जाऊन आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिनं आईपुढे ठेवलं.

"तातयांना परवा पुन्हा झालं. दुपारी दोन वाजता."

लेओनिलानं ते पुडकं जवळ ओढलं.

"आता वही बेलेनमावशी लिहितात. कशामुळे, तर भिंतीवर तू दिसलीस म्हणून. तुझ्याकडेच ठेव हे. तिथं नको."

लेओनिलानं कागद सोडला. लग्नाचा फोटो होता, पण अर्धाच. मकारियोची बाजू त्यानं घरी ठेवून घेतली होती. कात्री वरपासून खालपर्यंत सरळ चालली होती. तरी पांढऱ्या बाहीतल्या तिच्या दंडावर त्याची चार बोटं राहून गेली होती, घट्ट आवळलेली.