कोरडे पंख

“छप्पर गळतं, डॉन आन्सेल्मो,” त्रान्सितो म्हणाली आणि तिने चित्र टेबलावर ठेवलं.

तिची ही तिसरी खेप. तिन्ही वेळा कारण तेच. आन्सेल्मने कागद उजेडात धरला. तिच्या चौदा महिन्यांच्या एलादियोचा चेहरा शाबूत होता, पण छातीवरच्या कागदी गुलाबांचा लाल रंग ओघळून दोन्ही पंखांत उतरला होता. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, तिथे कागदच कोरा सोडतात. तो एकदा डागाळला की संपलं.

थाप मारायची तरी गाव बघून मारावी. कोपियापोत तीन वर्षं पावसाचा थेंब पडला नव्हता. चिलीच्या या वाळवंटात छपरं घालतात ती उन्हासाठी.

आन्सेल्म, इथल्यांच्या तोंडी आन्सेल्मो, शिडाच्या जहाजातून जर्मनीहून आला होता तो इथले डोंगर रंगवायला. डोंगर कुणालाच नको होते. अकरा वर्षांत त्याच्या हातून उतरली ती मेलेली मुलंच. तान्हं मूल गेलं की त्याला कागदी पंख लावून खुर्चीत बसवायचं, गिटार वाजवायची, आल्यागेल्याला दारू द्यायची. मूल देवदूत झालं, मग दुःख कसलं? आईने तेवढं रडायचं नाही. एलादियोच्या वेळी, बाप्तिस्म्यात त्याला मांडीवर घेतलेली त्याची धर्ममाता त्रान्सितोच्या पाठीशीच उभी होती.

“टिपूस काढलंस तर बघ,” ती बजावत होती. “पंख भिजले तर लेकरू वाटेतच अडकेल.”

त्रान्सितोने टिपूस काढलं नाही. तिने पाहुण्यांचे पेले भरले, गाणाऱ्याला अजून एक गाणं म्हणायला लावलं. ही बाई खाणीतल्या दगडाची आहे, असं आन्सेल्मला कोपऱ्यात बसून चित्र काढताना वाटलं होतं.

“पुन्हा काढून द्या,” आता ती म्हणत होती. “पंख कोरडे हवेत. ओल्या पंखांनी पोचायचा कसा तो?”

रंग उचलला जातोय का बघावं म्हणून आन्सेल्मने ओला कुंचला डागावरून फिरवला आणि सवयीने टोक काढायला ओठांत धरला. कुंचला खारट लागला.

पावसाचं पाणी खारट नसतं. त्याला स्वतःची लाज वाटली. मग त्याने नवा कागद घेतला आणि विचारलं, पोरगा जिवंत असताना काय काय करायचा?

अकरा वर्षांत हा प्रश्न त्याने कुठल्याच आईला विचारला नव्हता. त्रान्सितो आधी गोंधळली, मग सांगू लागली. पाटाच्या कडेला बसायचा. पायात बूट घातला की ओढून काढायचा आणि पाण्यात टाकायचा. एक वाहत गेला तो चार घरं खालच्या शेजारणीने शिव्या देत आणून दिला. अंजीर दिलं की अर्धं पोटात, अर्धं हनुवटीवर. सांगता सांगता तिला हसू फुटलं. डोळे मात्र कोरडेच होते. त्यांना तसंच शिकवलं होतं.

दुपार कलली तेव्हा चित्र झालं. पाटाच्या काठावर एलादियो, एका पायात बूट, दुसरा पाय पाण्यात, हनुवटीला अंजीर. त्रान्सितोने ते डोळे भरून पाहिलं. मग ती एकदम घाबरली.

“पंख कुठायत?”

“त्याला अजून पंख नाहीत, बाई,” आन्सेल्म म्हणाला. “न्या घरी. आता छप्पर खुशाल गळू द्या.”