घट्ट बांधलेली ट्रॉली

धाकट्या भावाच्या नव्या घराचं सामान दादानं जीपमागच्या ट्रॉलीवर स्वतः बांधलं. जड कपाट पुढे, वर दुहेरी पट्टे. मग सगळं गदागदा हलवून बघितलं. "भूकंप आला तरी हलायचं नाही!"

"निघा हो आता. भाऊजी ताटकळले असतील," वहिनी वैतागली.

मोठ्या उतारावर तिनं सहज खिडकीतून पाहिलं. "अहो, ही कुणाची ट्रॉली? अगदी आपल्यासारखी."

दादानं आरशात बघितलं. मागे नुसता रस्ता होता.

ट्रॉली जीपला मागे टाकून पुढे गेली. एकही पट्टा ढिला झाला नव्हता. जीप-ट्रॉलीच्या जोडाची पिन, हरवू नये म्हणून, दादाच्याच खिशात होती.

तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. धाकटा होता. "वहिनी, कुठवर आलात? घर चुकायला नको म्हणून मी उताराखाली रस्त्यातच उभा आहे."