दुसरी आंघोळ

तिसऱ्या बादलीनंतर ठमीच्या अंगावरून पाणी नितळ वाहू लागलं, तेव्हा कुठे धाकटीने कंबर सरळ केली. वासराचे खूर घासून झाले होते, कान पुसून झाले होते, शेपटीचा गोंडा विंचरून मोकळा झाला होता. साधा साबण नको म्हणून तिने लग्नकार्यापुरती जपलेली गुलाबाच्या वासाची शाम्पूची बाटली अख्खी रिती केली होती. हौसेला मोल नसतं, आणि धाकटीच्या हौसेला तर कुंपणही नव्हतं. दहा वाजता जनावरांचं प्रदर्शन होतं.

निघण्याआधी पोटभर पाजावं म्हणून ती ठमीला शेजारच्या गोठ्यात घेऊन गेली. जन्म देतानाच ठमीची आई गेली होती. तेव्हापासून थोरल्या जावेची गाय स्वतःच्या वासराबरोबर तिलाही पाजत होती. ठमी सवयीने कासेखाली घुसली. गाईने मान वळवून हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि लाथ झाडली. ठमी धडपडली, उठली, परत गेली. दुसरी लाथ जास्त जोरात बसली.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. गुलाबाच्या वासाचं हे पोर कोणाचं, असंच त्या मुक्या जनावराला वाटत असणार. प्रदर्शन गेलं खड्ड्यात. गाईने आज झिडकारलं ते कायमचं झिडकारलं, तर ठमीने प्यायचं कोणाचं?

धडपड ऐकून थोरली बाहेर आली. एरवी धाकटीच्या नटवेपणावर चार शब्द सुनावल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. आज तिने वाकून ठमीच्या मानेचा वास घेतला आणि नुसता कपाळाला हात लावला.

"ताई, चुकलंच माझं," धाकटी म्हणाली. "आता कशी घेईल ती हिला जवळ?"

"पहिल्या दिवशी घेतलं होतं तशीच. रडत काय बसलीस? जा, मीठ आण."

पहिल्या दिवशीची ती रीत दोघींना पाठ होती. थोरलीने गाईचं दूध ओंजळीत पिळून ठमीच्या पाठीला, पोटाला चोळलं. गाईच्या वासराखालचं ओलं गवत उचलून त्यावर फासलं. मग धाकटीने स्वतःच्या हाताने मूठभर मीठ भुरभुरलं. सकाळपासूनची मेहनत पाच मिनिटांत मातीला मिळाली.

गाईने हुंगलं. जरा थांबली. मग जीभ काढून ती ठमीला चाटू लागली, मानेपासून शेपटीपर्यंत, अगदी सावकाश. ठमीने कासेत तोंड खुपसलं आणि तिची शेपटी हलायला लागली.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. अडीच महिने ही बाई आपल्या घरातलं दूध कमी करून दुसरीचं वासरू वाढवत होती, आणि एवढी तोंडाळ असूनही हे मात्र तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. धाकटीला भरून आलं. ती काही बोलणार तोच थोरलीने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि पायांत चपला सरकवल्या. तीही येणार होती.

मैदानावर वासरं ओळीने उभी होती, सगळी चकचकीत, सगळ्यांचे केस एका दिशेला. ठमीच्या अंगावर मात्र जिभेचे भोवरेच भोवरे होते. परीक्षक डॉक्टरांनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि बोटांचा वास घेतला. दूध, मीठ, गोठा, आणि कुठूनसा गुलाब. त्यांनी भुवया उंचावल्या.

"आज आंघोळ घातली नाही का हिला?"

"दोनदा झाली, डॉक्टर," धाकटी म्हणाली. "पहिली मी घातली. दुसरी हिच्या आईने."

दोरीपलीकडे उभ्या असलेल्या थोरलीने ते ऐकलं, आणि दुधाने चिकट झालेले हात उगाचच पदराला पुसत राहिली.