विषाणूचं वय

शरीरसंबंधातून लागणाऱ्या विषाणूमुळे झालेला सरोजचा गर्भाशयमुखाचा कर्करोग आता बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी तिचे पती जनार्दन रेडकर यांनी तिला विचारलं होतं, "हा विषाणू तू आणलास कुठून?"

सरोज गेल्यावर सहा वर्षांनी पुरुषांसाठीही चाचणी निघाली. ती विषाणूचं वयसुद्धा, म्हणजे तो अंगात किती वर्षांपासून आहे ते, सांगायची. पुनर्विवाहासाठी भेटलेल्या हेमलताबाईंनी दोघांची चाचणी करवली. जनार्दनांच्या अंगातला विषाणू एकोणचाळीस वर्षांचा निघाला. सरोजशी लग्न तो अंगात शिरल्यावर पाच वर्षांनी झालं होतं.

त्यांनी अहवाल हेमलताबाईंपुढे ठेवला. "तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग नाही."

"अहो, मी लस घेतलीय, तपासण्याही वेळच्या वेळी करते. थोडा धोका उरतोच, तो मला ठाऊक आहे. हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी लागतो, त्यात पाप कसलं? घोरता का, ते आधी सांगा!"

"घोरतो."

"मग तो खरा धोका!"

जनार्दन कितीतरी दिवसांनी हसले. या बाईंचे आणि सरोजवरचा आळ पुसणाऱ्या त्या चाचणीचे त्यांनी मनोमन आभार मानले.

सरोजला विचारलेला तो प्रश्न त्यांच्या मुलीनेही ऐकला होता. तिला खरं काय ते सांगायचं अजून राहिलं आहे.