तिसऱ्यांदा बंद पडली तर

वेग वाढवताच गाडी पुन्हा बंद पडली. पडद्यावर कालचेच शब्द उमटले: ‘समोर अडथळा असूनही चालक थांबला नाही. नजर अधू.’ आणखी एकदा असं झालं, की गाडीच आठल्येकाकांचा परवाना रद्द करणार होती. घाबरलेल्या काकांनी ती गोगलगायीसारखी रझियाच्या गॅरेजात आणली.

रझियाने बॉनेट उघडलंच नाही. तिने गाडीसमोर मोठा पंखा लावला. बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची वाऱ्याने उडून कॅमेऱ्यासमोर नाचू लागलं.

“हाच तुमचा अडथळा, काका! डोळे ठणठणीत आहेत.”

काका मटकन स्टुलावर बसले आणि पोटभर हसले. मग सुसाट घरी गेले.

“अहो, मी बांधलेलं लिंबू काढलंत?” बायकोने विचारलं.

“छे! मागे बांधलंय. आता दृष्ट लागलीच, तर मागे पडणाऱ्यांचीच लागेल.”